थंडीत बोरू धरवत नाही!

प्रश्न : मी नाशिकची, बोरूने, म्हणजे तासलेल्या काडीच्या लेखणीने, सुंदर अक्षरं काढते, पण डिसेंबर आला की बोटं आखडतात आणि नवीन काही सुचतच नाही. तुम्ही काय करता?

उत्तर : अगं, मी आधी चहाचा गरम कप दोन्ही हातांत धरून बसते, मग जुन्या पेपरवर खांद्यापासून हात फिरवत नुसत्या रेघा. गारठ्यात शाई उशिरा सुकते ना, तर मोडी या जुन्या मराठी लिपीसारखं कर, आधी पानभर शिरोरेघ ओढ, सुकू दे आणि मग तिला अक्षरं लटकवत जा. सुचायला बाजारात फिर. परवा हुरड्याच्या पाटीवर खडूने काढलेला 'हु' दिसला, उकाराची शेपटी इतकी मस्त वळवलेली की मी तिथेच बिलामागे उतरवून घेतली, यंदाच्या माझ्या 'तिळगुळ'मधला 'गु' त्यातूनच आलाय!