वाचक विचारतात : पियानोतली कोंबडी आणि मार्सेल मेयेर

प्रश्न : नमस्कार ताई. मी अशोक चौकाच्या बाजूला राहतो, आयुष्य मागावर गेलं, आता घरीच. भजनी मंडळात पेटी वाजवतो, माझं संगीत तेवढंच. दिवाळीला भाचा आलता, त्यानं माझ्या मोबाईलवर मार्सेल मेयेर नावाच्या फ्रेंच बाईचा जुना पियानो लावून दिला, रामो म्हणून कोण तीनशे वर्षांपूर्वीचा माणूस, त्याच्या चिजा. कळलं काहीच नाही पण तेव्हापासून रोज रात्री भाकरी खाऊन झाली की लावतो. आता पुण्याचे जावई म्हणतात, मामा हे संगीत हार्प्सिकॉर्डचं आहे, पियानोवर वाजवणं चूक, आणि रेकॉर्डिंग किती खरखरतंय, नवीन काहीतरी ऐका. जावयाला उलट काय बोलणार? पण मी चूक ऐकतोय का ओ? आणि बाई एवढी भारी वाजवती तर हिचं नाव कुठं कसं नाही?

उत्तर : काका, बिनधास्त ऐका. जावईबापूंचं अर्धं बरोबर आहे, ते आधी मान्य करून टाकू म्हणजे घरात शांतता राहील. रामो (1683 ते 1764) नं हे सगळं लिहिलं ते हार्प्सिकॉर्डसाठीच. त्या वाद्यात पट्टी दाबली की आत पिसाच्या काडीची छोटी नखी तार छेडते, म्हणजे आपल्या सतारीच्या मिजराबीसारखंच काम, फक्त बोटाऐवजी यंत्र. पियानोत हातोडी तारेवर पडते, तो संतूरचा भाऊबंद. पट्टी कितीही जोरात दाबा, छेडलेली तार तेवढीच वाजते, लहानमोठा आवाज बोटानं काढता येत नाही, आणि स्वर लवकर विझतो. तुमची पेटी भात्यावर स्वर धरून ठेवते, तिथं ती सोय नाही. मग त्या लोकांनी काय केलं, तर स्वर विझायच्या आत त्याला हलवत ठेवलं, म्हणजे मुरक्या, खटके, कण. कुपराँ नावाच्या दुसऱ्या फ्रेंच उस्तादानं तर आपल्या पुस्तकात त्याचा तक्ताच छापला, कुठल्या खुणेला बोट कसं फिरवायचं.

आता मेयेरबाईंनी काय केलं ते बघा, आणि जावईबापूंचं उरलेलं अर्धं इथं चुकतं. पियानोवर हे वाजवणारे बहुतेक दोन खड्ड्यांत पडतात. एकतर पेडल (स्वर लांबवणारी पायातली कळ) दाबून सगळं धुकट, रडवं करून टाकतात, नाहीतर हार्प्सिकॉर्डची नक्कल म्हणून टकटक टाईपरायटर वाजवतात. बाई दोन्ही करत नाहीत. पेडल जेमतेम, मुरक्या एकदम स्वच्छ पण घाई नाही, आणि मुख्य म्हणजे डावा हात नाचतो. कारण ह्यातले निम्मे तुकडे नाचाचेच आहेत, गाव्होत, मिन्युए, तांबुराँ, आणि नाच पायात आला नाही तर ह्या संगीतात राहतं काय? 'तांबुराँ' ऐका, दक्षिण फ्रान्समध्ये एकच माणूस एका हातानं बासरी धरतो नि दुसऱ्यानं ढोलकं बडवतो त्याची ती नक्कल आहे. बाईंचं ते ढोलकं ऐकलं की मला तर आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतली हलगीच आठवते, आता मला हसा पाहिजे तर.

आणि 'ला पूल', म्हणजे कोंबडी! रामोनं सुरुवातीच्या स्वरांखाली चक्क को को को को लिहून ठेवलंय आणि शेवटी दाय, कोंबडी अंडं घालून ओरडते तसं. पण गंमत अशी की तुकडा विनोदी नाहीये, पुढं पुढं तो इतका गंभीर नि तापलेला होत जातो की हसू विसरायला होतं. बाई कोंबडीला कोंबडीच ठेवतात, चेष्टा करत नाहीत, मला ते फार आवडतं. मग 'ले सोव्हाज', 1725 मध्ये पॅरिसला लुइझियानाहून आणलेल्या दोन आदिवासी लोकांचा नाच रामोनं बघितला त्यावरून केलेलं. आणि 'सिक्लोप', एका डोळ्याचे राक्षस लोहार, त्यात दोन्ही हात एकमेकांवर पडत राहतात. काका तुम्ही तर माग चालवलाय, धोटा इकडून तिकडं जातो त्याची चाल तुमच्या कानात पक्की बसलेली असणार, तुम्हाला हा तुकडा कळला नाही असं मला सांगूच नका. शेवटी सहा आवर्तनांचं 'गाव्होत' ठेवा, एकच साधी चाल आणि मग तीच सहा वेळा वाढवत नेलेली, आपल्याकडं बंदिश धरून वाढत करतात तसंच म्हणा ना.

अजून एक, फ्रेंच लोकांची जुनी रीत अशी की कागदावर सारखे लिहिलेले स्वर सारखे वाजवायचे नाहीत, पहिला जरा लांब, दुसरा जरा आखूड. भजनी ठेक्यात तुम्ही कुठं घड्याळ लावून वाजवता? झोल असतोच की. कान तयारच आहे तुमचा, शब्द तेवढे नवीन.

आता नाव का नाही. 1897 ला लील शहरात जन्म, पॅरिसला मार्गरीत लाँग आणि कोर्तो ह्या पियानोवादकांकडं शिक्षण, आणि तरुणपणी बाई त्या काळच्या सगळ्यात नव्या संगीताच्या मधोमध. 1920 मध्ये राव्हेल ह्या संगीतकारानं 'ला व्हाल्स' ही आपली चीज बॅलेची, म्हणजे नृत्यनाट्याची, कंपनी चालवणाऱ्या दियागिलेव्हला ऐकवली तेव्हा दुसऱ्या पियानोवर ह्याच होत्या, समोर स्त्राविन्स्की नि पुलांक हे संगीतकार बसलेले. दियागिलेव्ह म्हणाला चीज थोर आहे पण ह्यावर बॅले होत नाही, राव्हेल कागद उचलून गेला निघून. 1923 ला स्त्राविन्स्कीच्या 'ले नोस' ह्या बॅलेच्या पहिल्या प्रयोगात चार पियानो होते, त्यातल्या एकावर ह्या. 'सहा जणांचा गट' म्हणून तरुण संगीतकारांची टोळी होती, ब्लांश नावाच्या चित्रकारानं त्यांचं मोठं चित्र काढलं, ते रुआँच्या म्युझियममध्ये आहे, त्यात सहापैकी पाचच जण आलेत पण मधोमध मेयेरबाई बसल्यात! म्हणजे नव्याची इतकी सवय असलेली बाई दोनशे वर्षं जुनं वाजवते तेव्हा ते धूळ झटकून येतं, माझ्या मते सगळं गुपित इथंच आहे.

रामो, कुपराँ, स्कार्लात्ती, बाख ह्या जुन्या संगीतकारांचं हे सगळं त्यांनी 1940 आणि 50 च्या दशकात 'दिस्कोफिल फ्रांसे' ह्या छोट्या फ्रेंच कंपनीसाठी रेकॉर्ड केलं, तुम्ही ऐकताय तो रामो बहुतेक 1953 चा. 1958 ला त्या गेल्या, 61 वर्षांच्या. त्याच वर्षी बाजारात स्टिरिओ एलपी तबकड्या आल्या, म्हणजे दोन कानांना वेगवेगळा आवाज, आणि मोनो, म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज, एका रात्रीत म्हातारं झालं. शिवाय तोवर वांदा लांदोव्हस्काबाईंनी हार्प्सिकॉर्ड परत उभं केलेलं, पुढच्या पिढीनं तेच उचललं, पियानोवर रामो म्हणजे जुनी खोड ठरली. वाजवण्यात खोट होती म्हणून नाव गेलं असं मात्र नाही.

खरखरीचं म्हणाल तर बालगंधर्वांच्या तबकड्या ऐकताना आपण कधी तक्रार केली का? दोन मिनिटांत कान खरखर बाजूला ठेवतो. उलट फार घासूनपुसून साफ केलेली आवृत्ती असेल तर ती टाळा, खरखरीबरोबर तारेची झणझण पण जाते आणि पियानो गोधडीत गुंडाळल्यासारखा वाटतो. मोनो असल्यामुळं एका कानात इयरफोन घातला तरी काही चुकत नाही, दुसरा कान घरच्यांसाठी मोकळा ठेवा.

आणि जावयांना स्कार्लात्तीच्या दोन-तीन सोनाटा (एकट्या वाद्यासाठीच्या छोट्या चिजा) ऐकवा, आधी हार्प्सिकॉर्डवर, मग बाईंच्या. 555 आहेत, बऱ्याचशा चार-पाच मिनिटांच्या आत संपतात, चहा होईस्तोवर काम होतं.

प्रश्न : माझ्या मुलीकडं कॅसिओ आहे, त्यावर हे जमेल का? (होटगी रोड)

उत्तर : रामोनं सुरुवात नको, बोटं मोडतील. बाखचे दोन आवाजांचे इन्व्हेन्शन्स, म्हणजे दोन चाली एकाच वेळी चालतात असे छोटे तुकडे, घ्या, ते शिकणाऱ्यांसाठीच लिहिलेत. कीबोर्डवर हार्प्सिकॉर्डचा आवाज लावून एकदा वाजवायला सांगा, जोर देऊन काही होत नाही म्हटल्यावर पोरगी आपोआप लयीकडं लक्ष देईल. क्लासची गरज मात्र लागेल ओ, व्हिडिओ बघून बोटं वाकडी बसतात.

प्रश्न : आजोबांच्या तबकड्या माळ्यावर सापडल्या, काही जाड काळ्या, काही एलपी. स्पिरिटनं पुसू का? (जुना पुणे नाका)

उत्तर : थांबा! जाड काळ्या म्हणजे मिनिटाला 78 फेऱ्यांच्या, त्या लाखेच्या असतात, बांगड्यांची असते तीच लाख, आणि स्पिरिटमध्ये लाख विरघळते. मऊ ब्रशनं धूळ झाडा, लागलंच तर जरा ओलं सुती फडकं, मधला कागद भिजू देऊ नका. वाजवायला सुई पण वेगळी लागते, एलपीची बारीक सुई त्या रुंद खाचेत तळाला जाऊन बसते आणि मग नुसती खरखर. एलपी माळ्यावरून आजच्या आज खाली घ्या, पत्र्याखाली आपला मे महिना म्हणजे तवा. माझी एक एलपी कुरियरवाल्यानं दुपारभर गच्चीच्या पायरीवर ठेवली होती, पापड झाला, फेकवत नाही म्हणून अजून कपाटात आहे. तबकड्या उभ्या ठेवायच्या, एकावर एक रचायच्या नाहीत, आणि त्यात पियानो निघाला तर मला आधी कळवायचं.