सोलापूरच्या घरात डेस्कटॉपसाठी जागा कोणती निवडावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात पूर्व भागात घर, वर उघडा स्लॅब, शेजारी यंत्रमागाचा कारखाना. मुलगी दहावीला गेली म्हणून डेस्कटॉप घेतलाय. जागा तीन आहेत. पश्चिमेच्या खिडकीखाली, जिन्याखालच्या कोनाड्यात, नाहीतर बैठकीच्या खोलीत स्वयंपाकघराकडच्या भिंतीला. कुठे मांडावा?

बैठकीच्या खोलीत. मी इथेच कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो आणि गिऱ्हाइकांना एकच गोष्ट सांगत असतो: टेबल कुठे शोभेल ते नंतर बघा, आधी कॅबिनेटला, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य डब्याला, गार आणि स्वच्छ हवा कुठे मिळेल ते बघा. आपल्या गावात हे दोन्ही आपोआप मिळत नाही.

घरगुती डेस्कटॉप साधारण ३५ अंशांपर्यंतच्या खोलीत चालेल अशा हिशेबाने बनवलेले असतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी सहज ओलांडतो. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि ती धग संध्याकाळी खोलीत सोडत राहते, म्हणजे नेमकी मुलगी अभ्यासाला बसेल तेव्हा. प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरची मुख्य चिप, ९५-१०० अंशांच्या आसपास पोचला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. मग लोक म्हणतात, नवीन मशीन आणि तरी अडकतंय. मशीनमध्ये काही बिघाड नसतो, जागा चुकलेली असते. तुमची तिसरी भिंत दोन खोल्यांच्या मधली आहे, तिच्यावर कुठूनच ऊन पडत नाही. घरातली सगळ्यात गार भिंत बहुतेक तीच असेल. फक्त तिच्या मागे सिंक किंवा मोरी नाही ना, भिंतीला ओल येत नाही ना, एवढं हात लावून बघा.

जिन्याखालचा कोनाडा बघताक्षणी आवडतो, कारण जागा फुकट मिळाल्यासारखी वाटते. पण तीन बाजू बंद असल्या की मागच्या पंख्याने बाहेर फेकलेली गरम हवा फिरून पुढून आत ओढली जाते. कॉम्प्युटर टेबलाला कॅबिनेटसाठी बंद कप्पा असतो, तिथेही हेच होतं. कप्पा असलाच तर त्याची मागची फळी काढून टाका. कॅबिनेटच्या मागे वीतभर जागा मोकळी हवीच.

आता कारखान्याचं. मागावर सूत घासलं जातं तेव्हा त्याचे बारीक तंतू हवेत उडतात, आणि खिडकी उघडी असेल तर घरात येतात. अशा घरातलं कॅबिनेट उघडलं की प्रोसेसरवरचा पंखा फिरताना दिसतो, पण पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर राखाडी-पांढरा थर गादीसारखा दाटून बसलेला असतो. ब्रशने उचलला तर अख्खा एका तुकड्यात निघतो. वरून वारा, खाली कोंडलेली उष्णता! म्हणून कॅबिनेट कारखान्याकडच्या खिडकीपासून लांब ठेवा आणि थेट फरशीवर नको, फूटभर उंच स्टुलावर ठेवा, कारण केर काढताना उडणारं सगळं खालीच असतं. दोन-तीन महिन्यांनी ब्लोअर मारून घ्या. मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, ती वाऱ्याने गरगरा फिरू देऊ नका.

उन्हाळ्यात कूलर लावत असाल तर जरूर लावा, आपली हवा कोरडी असल्याने तो छान काम करतो. पण त्याचा झोत सरळ कॅबिनेटवर नको. झोताबरोबर पाण्याचे बारीक कण येतात, आणि पाणी क्षाराचं असेल तर ते क्षार आत सर्किटवर बसतात.

जागा पक्की करण्याआधी वायरमनला बोलवा. हे मी अगदी आग्रहाने सांगतो. जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट दिसतो, पण वरच्या मोठ्या भोकाला अर्थिंगची वायर जोडलेलीच नसते. अशा ठिकाणी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. ती किरकोळ बाब समजू नका, घरात मूल आहे. मीटर लावून बघायला सांगा: फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये अगदी मोजके व्होल्ट दिसले पाहिजेत. पाणी यायच्या दिवशी मोटर चालू केली की दिवे मंद होतात का, तेही लक्षात घ्या. होत असतील तर मोटर आणि कॉम्प्युटर एका लाइनवर ठेवू नका.

यूपीएस घ्याच. साधा ६०० व्हीएचा पुरतो. वीज गेल्यावर काम सेव्ह करून मशीन नीट बंद करण्यापुरता वेळ तो देतो, तेवढंच त्याचं काम. त्याच्या बॅटरीलाही उष्णता सोसत नाही, म्हणून त्यालाही कोंडू नका. लेसर प्रिंटर त्यावर जोडू नका.

मॉनिटर असा ठेवा की खिडकी मुलीच्या डाव्या किंवा उजव्या हाताला येईल. समोर आली तर डोळे दिपतात, पाठीमागे आली तर स्क्रीनमध्ये खिडकीच दिसते. अंतर हातभर, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत. खुर्ची उंच होऊन पाय लोंबकळत असतील तर पायाखाली पाट द्या. वायफाय तिथे कमी येत असेल तर त्यासाठी टेबल हलवू नका, राउटरपासून भिंतीच्या कडेने केबल ओढा. खर्च किरकोळ आहे.

बैठकीत पाहुण्यांची वर्दळ असते आणि टीव्हीही असतो, ही अडचण मला कळते. तरी दहावीच्या मुलीचा कॉम्प्युटर घरच्यांच्या वावरात असावा असं माझं स्पष्ट मत आहे. अभ्यासाच्या वेळेत टीव्ही बंद ठेवणं मोठ्यांच्या हातात आहे, मे महिन्यात पश्चिमेची भिंत गार करणं कुणाच्याच हातात नाही. त्या भिंतीवर सॉकेट नसेल तर एक्स्टेंशन बोर्ड लोंबकळत ठेवू नका, वायरमन आलेलाच असेल, त्याच्याकडून अर्थिंगसकट नवा पॉइंट काढून घ्या.