लढाई हुकलेल्या फौजीच्या मनात काय असतं?

निवृत्त फौजींच्या बायका मला वरचेवर विचारतात, "ह्यांनी युद्ध पाहिलंच नाही, मग मनावर एवढं ओझं कसलं?" त्यावर पेडण्याकडच्या एका हवालदारांचा अनुभव सांगते. त्यांची परवानगी आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

गावच्या शाळेने त्यांना कारगिल विजय दिनाला बोलावून हार घातला. एका मुलाने विचारलं, "काका, तुम्ही किती शत्रू मारले?" ते गप्प खाली बसले. त्या रात्रीपासून झोप गेली. चवथीला आरतीच्या वेळी घुमट हे वाद्य हातात घेईनात, तेव्हा पत्नी त्यांना म्हापशाला माझ्याकडे समुपदेशनाला घेऊन आली.

"मॅडम, माझा सत्कार म्हणजे खोटेपणा. कारगिलच्या वेळी आमची पलटण दुसरीकडे. पुढे 'ऑपरेशन पराक्रम'च्या वेळी महिनोन् महिने राजस्थान बॉर्डरवर बसलो. आज हल्ला, उद्या हल्ला. मग हुकूम आला, परत चला."

१३ डिसेंबर २००१ला संसदेवर हल्ला झाला, त्यानंतरची ही जमवाजमव. ऑक्टोबर २००२मध्ये फौज मागे घ्यायचं ठरलं. युद्ध झालं नाही, तरी त्या काळात सुरुंगांच्या आणि इतर अपघातांत शेकडो जवान गेले. हे आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

मी एवढंच विचारलं, "तिथे तुमचं रोजचं काम काय होतं?"

ते इंजिनिअर पलटणीतले, खडकीला शिकलेले. आधी सुरुंग पेरले, मग तेच काढले. काढणं जास्त वाईट, कारण वाळू सरकते आणि नकाशातल्या जागी सुरुंग सापडेलच असं नाही. बोलता बोलता कुडाळकडच्या एका पोराचं नाव निघालं. तो काढताना गेला. "त्याच्या आईला काय सांगू? लढाई तर नव्हतीच," म्हणाले आणि पहिल्यांदा रडले.

शरमेच्या आड हे दुःख दडलं होतं. लढाईत मेलेल्यासाठी रडायची मुभा असते. याच्यासाठी रडायला त्यांना जागाच मिळाली नव्हती. पत्नी इतकी वर्षं मायेनेच म्हणायची, "देवाची कृपा, युद्ध झालं नाही." त्या वाक्याने त्यांचं तोंड दर वेळी मिटायचं. पुढच्या भेटींत ती नुसती ऐकत बसली. माझ्या मते खरा गुण त्यानेच आला.

हवालदारांना लढाई हुकल्याची रुखरुख आजही आहे. ती काढून टाकायचा प्रयत्न मी केला नाही. आयुष्यभर ज्यासाठी तयारी केली ते घडलं नाही, तर माणसाला लागणारच. पण झोप परतली आणि कुडाळच्या त्या घरी ते दोघं जाऊन आले.

तुमच्या घरी असं कुणी असेल तर समजूत घालायची घाई करू नका. कुठे होता, काय काम होतं, सोबत कोण होतं, हे विचारा. दारू वाढली, झोप सतत उडाली किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलणं सुरू झालं, तर मात्र थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञ गाठा. सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही लागतो.