लेबल बदल, स्लगला हात लावू नकोस

इंदूर

चिरंजीव, अनेक उत्तम आशीर्वाद.

महेश्वरी साड्यांचे तुझे ऑनलाइन दुकान काल सावकाश पाहिले. फोटो सुरेख आले आहेत. खटकली ती फिल्टरची पट्टी. तिथे रंगाचे 'कलर' हे शीर्षक दोनदा येते, एकदा अमेरिकन स्पेलिंगने आणि एकदा 'यू' घातलेल्या ब्रिटिश स्पेलिंगने, कारण माल चढवणारे हात दोन होते. त्यामुळे त्यांपैकी एकावर क्लिक करणाऱ्या गिऱ्हाइकाला उरलेल्या साड्या दिसतच नाहीत.

आपल्याकडे शाळेपासून ब्रिटिश स्पेलिंग शिकवतात, तेव्हा 'यू' ठेवावा हे उत्तम. मात्र तुझे दुकान ज्यावर चालते त्या वूकॉमर्समध्ये रंग, माप अशा प्रत्येक गुणधर्माला दोन नावे असतात: गिऱ्हाइकाला दिसणारे लेबल आणि लिंकमध्ये जाणारा स्लग. बदलायचे ते लेबल. मी एकदा नीटनेटकेपणाच्या हौसेने चालत्या दुकानातला स्लगही बदलला आणि जाहिरातींत दिलेल्या फिल्टरच्या लिंका एका रात्रीत निकामी झाल्या. गूगलवर माल दाखवण्यासाठी त्यांच्या मर्चंट सेंटरला पाठवायच्या यादीतही रंगाच्या रकान्याचे नाव अमेरिकन स्पेलिंगचेच लागते. तिथे हट्ट धरू नये.

स्पेलिंगपेक्षा अर्थ अधिक फसवतो. 'व्हेस्ट' म्हटले की अमेरिकन माणसाला बिनबाह्यांचे जाकीट आठवते, तर लंडनच्या माणसाला बनियन. शिवाय बायकांच्या कपड्यांचा ब्रिटनमधला दहा नंबर अमेरिकेत साधारण सहा होतो. म्हणून परदेशी जाणाऱ्या ब्लाउजवर नुसता नंबर न देता छातीचे माप इंचांत द्यावे.

मात्र 'बुगडी'चे तू 'रिव्हर्सिबल बॉर्डर' करून टाकलेस, ते मला रुचले नाही. दोन्ही बाजूंनी नेसता येणारा हा काठ म्हणजे महेश्वरीची ओळख, आणि दागिन्यांतली बुगडी आठवून मराठी गिऱ्हाईक क्षणभर गोंधळले तरी खाली एका ओळीत अर्थ देता येतो. काठाच्या नक्षीची चटई, लहर, ईंट ही नावेही विणकर म्हणतात तशीच राहू देत. 'ईंट'ची 'ब्रिक' केलीस, तर तुझी साडी आणि यंत्रमागावरची नक्कल एकाच शब्दाने विकली जाईल.

आता रंगाचे दोन गुणधर्म एक करशील तेव्हा आधी बॅकअप घे, सगळा माल एकाखाली आण आणि दुसरा अगदी शेवटी काढून टाक. ज्या ब्लाउजांना रंगानुसार व्हेरिएशन, म्हणजे एकाच मालाचे वेगवेगळे प्रकार, दिली आहेत, त्यांची किंमत आणि साठा मात्र त्यानंतर एकेक उघडून तपासावा लागेल.