तिसऱ्या दिवशी मरणारी पिल्लं

गेल्या अंकात खाऱ्या पाण्याच्या टँकबद्दल लिहिताना मी जाता जाता म्हटलं होतं, पैदाशीबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा. त्याचा हा परिणाम. उमेदीची वर्षं कोकणातल्या कोळंबीच्या हॅचरीत काढल्यामुळे मला मासा दिसण्याआधी त्याचं खाणं दिसतं. उत्तरंही त्याच वळणाची आहेत, चालवून घ्या.

माझी क्लाऊनफिशची जोडी दर पंधरा दिवसांनी अंडी घालते. पिल्लंही निघतात. बाजारातली पिल्लांची पावडर दिली, उकडलेल्या अंड्याचा बलक कालवून दिला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकही उरत नाही. पाण्यात दोष असेल का? (एक वाचक, डोंबिवली)

ताई, पाणी आता बिघडलं असेल, पण ते बलकामुळे. पिल्लं मरतात ती भुकेने. क्लाऊनचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा जेमतेम तीन-चार मिलिमीटरचं असतं आणि हलणारं भक्ष्यच टिपतं. पावडर त्याच्या तोंडासमोरून खाली जाते, तळाशी कुजते, अमोनिया वाढतो. म्हणजे एकीकडे उपास आणि दुसरीकडे विष.

त्याला पहिल्या दिवसापासून रॉटिफर लागतात. हा साधारण 100 ते 300 मायक्रॉनचा प्राणी (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन). बाटली उजेडात धरली तर पांढरी धूळ तरंगल्यासारखी दिसते. रॉटिफरला खायला नॅनोक्लोरोप्सिस नावाचं शेवाळ लागतं, ते फक्त दोन-एक मायक्रॉनचं. तेव्हा क्रम असा: आधी शेवाळाच्या हिरव्या बाटल्या, मग रॉटिफरची बादली, आणि ती बादली दाट झाली की मग अंड्यांकडे बघायचं. तुम्ही उलट्या टोकाकडून सुरुवात केलीत. बहुतेक सगळे तशीच करतात, कारण जोडी दुकानात मिळते आणि रॉटिफर मिळत नाहीत.

रॉटिफरची बादली कधीच एक ठेवू नका. आदल्या संध्याकाळी दुधाळ असलेली बादली सकाळी स्वच्छ, रिकामी आणि वास मारणारी निघते. कारण शोधत बसायला तेव्हा वेळ नसतो. दोन बादल्या, दोन वेगळ्या खोल्यांत, दोघींची गाळणी आणि मगसुद्धा वेगळे. वीज जाते म्हणून बॅटरीवरचा एअरपंप हवाच.

आता अंडी. नर ती पंखांनी वारत असतो, त्याला ते करू द्या. सव्वीस-सत्तावीस अंश तापमानाला आठवडाभरात अंड्यांमध्ये चंदेरी डोळे चमकायला लागतात. त्या सुमारास रोज संध्याकाळी लक्ष ठेवायचं. पिल्लं दिवे मालवल्यावर, पहिल्या एक-दोन तासांत निघतात. त्याच संध्याकाळी अंडी चिकटलेली फरशी किंवा कुंडीचा तुकडा अलगद वेगळ्या टँकमध्ये ठेवा आणि अंड्यांजवळ एअरस्टोन असा लावा की बुडबुडे बाजूने जातील पण अंडी हलती राहतील. वीस-तीस लिटरचा टँक पुरतो. पाणी आईबापांच्याच टँकमधलं, बाजूंना काळा कागद, फिल्टर नाही. वर शेवाळाचं थोडं पाणी सोडून हिरवी झाक आणा. रॉटिफरही त्यात खात राहतात.

एका मिलिलिटरमध्ये दहाच्या आसपास रॉटिफर हवेत. पिपेटमध्ये एक मिलिलिटर घेऊन उजेडाकडे धरा आणि मोजा. कंटाळवाणं काम आहे, पण अंदाजाने ओतलेले रॉटिफर एक तर कमी पडतात नाही तर पिल्लांचाच प्राणवायू खातात. तळाची घाण रोज बारीक नळीने ओढून घ्या. सहाव्या-सातव्या दिवसापासून नुकत्या फुटलेल्या आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या एका इवल्या कोळंबीसारख्या जिवाच्या पिल्लांची, थोडी थोडी भर घाला. तो चारशे-पाचशे मायक्रॉनचा असतो, म्हणून त्याआधी नको. आणि सकाळी फुटलेला सकाळीच द्या, शिळ्या आर्टेमियात सत्त्व उरत नाही. दहा ते पंधरा दिवसांच्या दरम्यान पांढरे पट्टे उमटले की एक मोठा घाट पार झाला.

मावशी, हवाईत पिवळा टँग आणि फ्लोरिडात निळा टँग हे प्रवाळातले मासे टँकमध्ये वाढवले असं वाचलं. मी पाच फुटी टँक घेऊन निळ्या टँगची जोडी लावली तर? दुकानदार म्हणतो, जमेल. (महाविद्यालयीन विद्यार्थी, कोल्हापूर)

दुकानदाराला टँक विकायचा आहे रे.

तू वाचलंस ते खरं आहे. ऑक्टोबर 2015 मध्ये हवाई पॅसिफिक विद्यापीठाच्या ओशनिक इन्स्टिट्यूटने पिवळा टँग अंड्यापासून वाढवून दाखवला. पुढच्याच वर्षी, 2016 च्या जुलैमध्ये, फ्लोरिडा विद्यापीठाच्या रस्किन इथल्या प्रयोगशाळेने रायझिंग टाइड कॉन्झर्व्हेशन या उपक्रमाच्या साथीने निळा टँग वाढवला. त्या पहिल्या खेपेला अंडी हजारोंनी होती आणि हाती लागलेले मासे 27. पिवळ्या टँगवर हवाईतल्या लोकांनी दशकाहून जास्त काळ घालवला होता. पगारी शास्त्रज्ञ, समुद्राचं वाहतं पाणी आणि मोठे गोल टँक हाताशी असताना. हे आकडे आधी डोक्यात ठेव.

क्लाऊन दगडाला अंडी चिकटवतो आणि राखतो, म्हणून त्याचं पिल्लू डोळे-तोंड घेऊन, खायच्या तयारीने बाहेर येतं. टँग, एंजल हे मासे संध्याकाळी जोडीने वर झेपावून अंडी पाण्यात सोडून देतात. अंडं मिलिमीटरहून लहान, पारदर्शक, तरंगणारं. साधारण दिवसभरात फुटतं, आणि त्यातून निघतो तो जीव अजून अर्धवटच असतो: डोळ्यांत रंग नाही, तोंड उघडलेलं नाही. पोटाखालचा बलक संपेपर्यंत, म्हणजे तीनेक दिवस, तो त्यावर जगतो. तिसऱ्या दिवशी तोंड उघडतं आणि ते इतकं बारीक असतं की रॉटिफरही आत जात नाही. सगळं घोडं या एका जागी अडलं होतं. अंडी मिळवणं फार आधी जमलं होतं. मार्टिन मो यांनी फ्लोरिडात 1970 च्या दशकातच क्लाऊनबरोबर एंजलफिशवरही काम केलं होतं. पण बारीक तोंडाच्या माशांना देणार काय?

उत्तर निघालं कोपेपॉडमध्ये, म्हणजे कोळंबीच्या दूरच्या नात्यातल्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या जिवांमध्ये. पार्व्होकॅलॅनस नावाच्या एका कोपेपॉडची नुकती जन्मलेली पिल्लं रॉटिफरहून बारीक असतात, पाण्यात झटके देत चालतात म्हणून माशाच्या पिल्लाची नजर त्यांच्यावर ठरते, आणि समुद्री पिल्लांना लागणारी स्निग्धाम्लं त्यांच्या अंगात मुळातच असतात. फ्रँक बेन्श यांनी हवाईत ठेंगणे एंजल वाढवले तेही अशाच बारीक जिवंत खाद्याच्या जोरावर. अडचण अशी की हे कोपेपॉड रॉटिफरसारखे दाटीत राहत नाहीत. त्यांना जिवंत शेवाळच लागतं, वाळवलेलं किंवा दुकानातलं बाटलीबंद चालत नाही, आणि जागा भरपूर लागते. माशाच्या टँकपेक्षा कोपेपॉडचे टँक मोठे ठेवावे लागतात. इतकं करूनही टँगचं पिल्लू क्लाऊनसारखं दोन आठवड्यांत मार्गी लागत नाही. पाण्यात तरंगतच दीड-दोन महिने काढतं. एवढे दिवस, दर दिवशी, ताजं खाद्य.

शिवाय निळा टँग मोठा झाला की फूटभराचा होतो. पाच फुटांत तो जगेल. वर झेपावून अंडी सोडायला त्याला खोली लागते, ती तुझ्या टँकमध्ये नाही.

तरी हात शिवशिवत असतील तर टँकचे पैसे राखून ठेव. आयसोक्रायसिस शेवाळ आणि कोपेपॉड मिळव आणि ते वर्षभर, परीक्षेच्या महिन्यातसुद्धा, जिवंत ठेव. तेवढं जमलं तर मला पुन्हा लिही. मग आपण ठेंगण्या एंजलची जोडी बघू, टँगची नव्हे.

एक सांगते, हे काम फक्त हौसेचं राहिलेलं नाही. हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालानंतर तिथली टँकसाठीची मासेमारी आक्रसत गेली आणि पिवळ्या टँगचे भाव चढले. अशा वेळी पैदाशीचा मासा परवडायला लागतो. कोल्हापुरात मात्र नाही.

आमच्या मँडरिन माशांची जोडी संध्याकाळी गालाला गाल लावून वर येते. ही अंडी घालण्याची तयारी का? पिल्लं वाढवता येतील? (नाशिक)

तयारी नाही, तेव्हा अंडी घातलीच जातात! सकाळपर्यंत ती फिल्टरमध्ये गेलेली असतात. मँडरिनचं पिल्लू टँगच्या मानाने लवकर तळाला बसतं, त्यामुळे तरंगत्या अंड्यांच्या माशांत हा त्यातला त्यात शक्य कोटीतला. पंप बंद करून अंडी वाटीने उचलता येतात. पुढे पुन्हा तोच प्रश्न, कोपेपॉड आहेत का?

पण तुम्ही पाठवलेल्या फोटोत मादीचं पोट आत गेलेलं दिसतंय. हा मासा दिवसभर दगडांवरचे बारीक कोपेपॉड टिपत असतो आणि नव्या टँकमध्ये ते चार-सहा आठवड्यांत संपतात. आधी आईला खायला घाला. अंड्यांचं नंतर.

समुद्रघोडा पाळून त्याची पैदास करायची आहे. जोडी कुठे मिळेल? (वसई)

मिळवू नका. भारतात 2001 पासून समुद्रघोड्याला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. कोणी देत असेल तर त्याच्यापासून लांब राहा.

क्लाऊन जमला. आता जरा वेगळा, पण घरात होईल असा कोणता? (पुणे)

बँगाई कार्डिनल. इंडोनेशियातल्या बँगाई बेटांचा हा मासा. टँकसाठी इतका उपसला गेला की 2007 मध्ये तो धोक्यातल्या प्रजातींच्या लाल यादीत आला. म्हणून पैदाशीचाच घ्या. नर अंडी तोंडात धरतो, तीनेक आठवडे जवळपास उपाशी राहतो आणि थेट माशासारखी दिसणारी पिल्लं सोडतो. ती पहिल्या दिवसापासून आर्टेमिया खातात. रॉटिफर नकोत, शेवाळ नको. मला विचाराल तर शिकायची सुरुवात क्लाऊनऐवजी इथूनच व्हायला हवी. अडचण एकच, जोडी जुळेपर्यंत ते एकमेकांना जगू देत नाहीत. लहान पाच-सहा घ्या, जोडी ठरली की बाकीचे लगेच वेगळे काढा.

वेंगुर्ल्यात घराशेजारी जागा आहे, समुद्र समोर आहे. व्यवसाय म्हणून सुरू करावं का? पाणी तर फुकट. (वेंगुर्ला)

फुकट पाणी पावसाळ्यात महागात पडतं. जून लागला की किनाऱ्याचं पाणी गोडसर आणि गढूळ होतं. मे महिन्यातच पाणी भरून ठेवायची टाकी नसेल तर पुढचे चार महिने तुम्ही विकतच्या मिठावर. साठवलेलं पाणीही गाळून, ब्लीचिंग पावडर टाकून, मग सोडियम थायोसल्फेटने क्लोरिन मारून, हवा सोडूनच वापरायचं.

शिकायला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या विळिंजम आणि मंडपम इथल्या केंद्रांत विचारा. क्लाऊन आणि डॅमसेलवर त्यांचं काम जुनं आहे, आणि 2023 मध्ये त्यांनी निळ्या-पिवळ्या अझ्युर डॅमसेलची पैदासही जाहीर केली. जवळ हवं असेल तर ऐरोलीला मॅंग्रोव्ह फाउंडेशनची क्लाऊनची हॅचरी आहे. जाल तेव्हा मासे बघून झाल्यावर शेवाळाची खोली दाखवा म्हणावं, आणि तिथे रोज सकाळी किती वाजता, कोण, किती तास काम करतं ते विचारा. तेवढे तास तुमच्या घरात कुणाकडे आहेत ते बघून टाकीचा खड्डा खणा.