समस्थानिकातले ‘स्थान’ कोणते?

प्रश्न असा आहे : ‘समस्थानिक’ म्हणजे एकाच ठिकाणी सापडणारे अणू का? आणि ‘आयन’ हा त्यांचाच एक प्रकार का?

दोन्ही नाही. इथे ‘स्थान’ म्हणजे आवर्तसारणीतला चौकोन. रासायनिक गुण सारखे पण वस्तुमान वेगळे, अशा अणूंसाठी रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक सॉडी यांना नाव हवे होते. मार्गारेट टॉड या डॉक्टर विदुषीने ग्रीक ‘आयसोस’ (सम) आणि ‘टोपोस’ (स्थान) जोडून ‘आयसोटोप’ सुचवला. सॉडींनी तो १९१३ साली छापला. मराठी शब्द त्याच घडणीचा आणि अगदी नेमका आहे.

चौकोन ठरतो प्रोटॉनांच्या संख्येवरून, म्हणजे अणुअंकावरून. क्लोरिनमध्ये प्रोटॉन १७च. न्यूट्रॉन १८ असले तर दोन्हींची बेरीज, म्हणजे वस्तुमानांक, ३५ : हा क्लोरिन-३५, २० असले तर क्लोरिन-३७. निसर्गात त्यांचे प्रमाण साधारण ३:१, म्हणून (३×३५ + ३७) ÷ ४ = ३५.५. पाठ्यपुस्तकातला तो अपूर्णांक म्हणजे सरासरी, ३५.५ वस्तुमानांकाचा एकही अणू नसतो.

‘समस्थानिक’ हा ‘भावंड’सारखा नात्याचा शब्द आहे, कोणाचे ते सांगावे लागते. तो ‘किरणोत्सारी’ या अर्थाने वापरणे चूक. कार्बन-१४ किरणोत्सारी आहे, कार्बन-१२ आणि १३ स्थिर आहेत, समस्थानिके तिन्ही.

आयन म्हणजे विद्युतभार असलेला अणू किंवा अणुगट. त्याचा संबंध न्यूट्रॉनशी नाही, इलेक्ट्रॉनशी. सोडिअमच्या अणूत ११ प्रोटॉन, ११ इलेक्ट्रॉन. एक इलेक्ट्रॉन गेला की धन आयन. ‘प्रोटॉन मिळाला म्हणून धन’ असे उत्तरपत्रिकेत लिहिले जाते. पण १२ प्रोटॉन झाले तर ते सोडिअम उरतच नाही, मॅग्नेशिअम होते! दोन्ही गोष्टी एकाच अणूत असू शकतात : क्लोरिन-३७च्या ऋण आयनात १७ प्रोटॉन, २० न्यूट्रॉन, १८ इलेक्ट्रॉन.

‘आयन’ शब्द १८३४ साली शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी विल्यम ह्यूएल या विद्वानाच्या सल्ल्याने रूढ केला. ग्रीकमध्ये अर्थ ‘जाणारा’, कारण द्रावणातून वीज वाहताना हे कण इलेक्ट्रोडांकडे जातात. मराठीने तो उच्चारावरून घेतला, तरी तो पूर्ण परका नाही. ते ग्रीक क्रियापद आणि संस्कृत ‘इ’ (जाणे) हा धातू एकाच मुळाचे. त्याच धातूपासून ‘अयन’, म्हणजे उत्तरायणातले. म्हणून ‘धनायन’ची फोड धन + आयन करा की धन + अयन, संधी तोच आणि अर्थही जुळतो.