दुसऱ्याआधी पहिले पूर्ण कर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. टीव्हीला जोडून खेळायच्या जुन्या यंत्रांपैकी, म्हणजे कन्सोलांपैकी, चौथा सेगा कंपनीचा सॅटर्न घ्यावा की ड्रीमकास्ट, या एका प्रश्नावर तू दोन पाने खर्च केली आहेस, आणि ज्या तीन यंत्रांची यादी शेवटी घाईघाईने जोडली आहेस तिच्यातच त्या प्रश्नाचे उत्तर पडलेले आहे. एक निन्टेन्डो एनईएस, ज्याचा लाल दिवा नुसता लुकलुकतो. एक फॅमिकॉम, म्हणजे एनईएसचा जपानी भाऊ, ज्याला अडॅप्टरच नाही. आणि एक निन्टेन्डो ६४, ज्याच्याबरोबर भलत्याच कुठल्या तरी कंपनीचा कंट्रोलर आला आहे. म्हणजे तीन यंत्रे, आणि खेळण्याजोगे एकही नाही. असे असताना चौथ्याची चौकशी करणाऱ्याला मी एरवी उत्तर पाठवत नाही. तुला पाठवतो आहे, कारण मध्येच एके ठिकाणी तू लिहिले आहेस की हा नाद लागल्यापासून खेळणे थांबले आणि रात्री विक्रीच्या यादीतल्या किमती पाहण्यात जाऊ लागल्या. या वळणावर मी पुष्कळांना पाहिले आहे. काही तिथून परत फिरतात, बाकीच्यांचे पुढे गोदाम होते.

माझा नियम एकच आहे आणि तो मी तुला या पत्रात कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे: हातातले यंत्र पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. पूर्ण म्हणजे खोका, माहितीपुस्तिका आणि थर्मोकोलसकट, असे विक्रेते समजतात. ते बाजूला ठेव. यंत्राला त्याचा योग्य वीजपुरवठा असावा, त्याचा मूळ कंट्रोलर असावा, निदान एक अस्सल कार्ट्रिज (खेळ साठवलेली, यंत्रात खोचायची डबी) किंवा डिस्क असावी, यंत्र आतून तू स्वतः उघडून पाहिलेले असावे, आणि त्यावर एक खेळ तू शेवटपर्यंत खेळलेला असावास. ही शेवटची अट ऐकून लोक हसतात. मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तासन्‌तास खेळल्याशिवाय यंत्राची दुखणी वर येत नाहीत. दहा मिनिटे चालवून ‘चालू स्थितीत’ असे लिहिणाऱ्यांच्या शब्दावर तुझी तीन यंत्रे आलेली आहेत, हे विसरू नकोस.

आता एनईएस. ते मेलेले नाही. १९८५ मध्ये अमेरिकेत आलेल्या त्या यंत्रात आणि त्याच्या प्रत्येक अधिकृत कार्ट्रिजमध्ये एकेक ओळख पटवणारी चिप आहे. दोन्ही चिपांचा संवाद जुळला नाही की यंत्र साधारण सेकंदाला एकदा स्वतःला पुन्हा सुरू करत राहते, आणि तोच तुला लुकलुकणारा दिवा दिसतो. संवाद जुळत नाही याचे कारण बहुतेक वेळा मळलेले संपर्क, किंवा कार्ट्रिज आत सरकवून खाली दाबण्याच्या त्या व्यवस्थेमुळे सैल पडलेल्या ७२ पिना. म्हणून आधी कार्ट्रिजकडे बघ. कापसाच्या काडीवर नव्वद टक्क्यांहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोल घे आणि खालच्या सोनेरी पट्ट्यांवरून उभ्या दिशेने फिरव. पहिली काडी काळी निघेल, दुसरी राखाडी. काडी पांढरी निघेपर्यंत थांबायचे नाही. पॉलिश पेपर किंवा धातू उजळण्याची पेस्ट लावलीस, तर मळाबरोबर सोन्याचा पातळ मुलामाही जाईल. आणि कार्ट्रिजमध्ये फुंकर मारणे आजपासून बंद. फुंकरीने चालते असे वाटते, ते कार्ट्रिज काढून पुन्हा बसवल्यामुळे. तोंडातला ओलावा मात्र पट्ट्यांवर राहतो आणि गंजायला मदत करतो.

एवढ्याने भागले नाही, तर यंत्र उघडून पिनांची पट्टी काढ, उकळत्या पाण्यात काही मिनिटे ठेव, पूर्ण वाळव आणि परत बसव. बाजारात मिळणारी स्वस्त नवी पट्टी घाईने घेऊ नकोस. तसल्या पुष्कळ पट्ट्या कार्ट्रिजला इतके घट्ट धरतात की काढताना ते मोडेल अशी भीती वाटते. काही जण ओळखीच्या चिपचा चौथा पाय उचलून दिव्याचे लुकलुकणे कायमचे बंद करतात. मला त्यात पाप दिसत नाही, पण मळ न काढता पाय उचलणे हा निव्वळ आळस आहे.

फॅमिकॉमच्या बाबतीत मी जरा आवाज चढवणार आहे. दोन्ही यंत्रे निन्टेन्डोची, खेळही पुष्कळसे तेच, म्हणून एनईएसचा अडॅप्टर फॅमिकॉमला लावून पाहावा असे तुझ्या मनात आले आहे, हे तू लिहिले नसतेस तरी मी ओळखले असते. लावू नकोस. एनईएसचा मूळ अडॅप्टर ९ व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह देतो, कारण तो सरळ करण्याची सोय त्या यंत्राच्या पोटात आहे. १९८३ च्या फॅमिकॉममध्ये ती नाही. त्याला १० व्होल्टचा एकदिश प्रवाह लागतो आणि तोही प्लगचा मध्यबिंदू ऋण असलेला. प्लग व्यवस्थित बसेल, बटण दाबले जाईल आणि यंत्र जाईल. प्लग बसला म्हणजे वीज जुळली, हा गैरसमज जुन्या यंत्रांचा जितका घात करतो तितका कपॅसिटरसुद्धा (वीज साठवणारे ते छोटे, पुढे गळू लागणारे भाग) करत नसतील. सेगाच्या मेगा ड्राइव्हचेच बघ: पहिल्या आवृत्तीत मध्यबिंदू ऋण, दुसऱ्या आवृत्तीत धन, कंपनी एक, नाव एक. निदान तिथे प्लगचा आकार तरी बदललेला आहे. पण ‘सर्व यंत्रांना चालेल’ असे म्हणत निरनिराळी टोके देणारा अडॅप्टर घेतलास, की तीही राखण गेली. लेबलावर तीन गोष्टी वाचायच्या: किती व्होल्ट, प्रवाह कोणता, आणि दोन वर्तुळांच्या त्या छोट्या आकृतीत मध्याकडे जाणारी रेघ अधिक चिन्हाकडून येते की उण्याकडून.

फॅमिकॉम घेताना तू आणखी एक पाहिले नसावेस. त्याचे दोन्ही कंट्रोलर यंत्रालाच कायमचे जोडलेले आहेत, त्यामुळे तिथे कंट्रोलर पारखणे आणि यंत्र पारखणे ही एकच गोष्ट आहे. पहिल्यावर सिलेक्ट आणि स्टार्ट ही बटणे असतात. दुसऱ्यावर ती नसतात, त्यांच्या जागी मायक्रोफोन आणि त्याच्या आवाजाची सरकपट्टी असते. वायर जिथून आत शिरते तिथे ती हलवून बघ. खेळताना मध्येच एखादे बटण दाद देईनासे झाले, तर बहुधा तिथेच आतली तार तुटलेली असते. बटणे चौकोनी आणि रबराची निघाली, तर यंत्र अगदी सुरुवातीच्या काळातले आहे. ती झिजत आणि अडकत असल्यामुळे पुढे गोल, कडक प्लास्टिकची बटणे आली. चौकोनी बटणांची हौस असणारे संग्राहक खूप आहेत. मी खेळतो, त्यामुळे मला गोलच बरी वाटतात.

आणि निन्टेन्डो ६४. भलता कंट्रोलर बाजूला ठेव आणि मूळ मिळव, पण मूळ मिळाला म्हणून हुरळून जाऊ नकोस. त्याची मधली, अंगठ्याने फिरवायची काडी प्लास्टिकच्या वाटीत टेकलेली असते, तिची हालचाल छेद असलेल्या दोन चकत्या फिरवते आणि त्या छेदांतून जाणारा प्रकाश मोजून यंत्राला दिशा कळते. काडी सोडल्यावर एका बाजूला लोंबत असेल, तर स्क्रू काढून आत बघ: वाटीच्या तळाशी पिठासारखी पांढरी भुकटी दिसेल. ती धूळ नव्हे, झिजलेली काडी आणि वाटीच ती. अशा काडीने पात्र चालते, पण पूर्ण ढकलूनही पळत नाही, आणि नवखा माणूस खेळालाच दोष देतो. कंट्रोलर पारखताना काडी हाताने न धरता यंत्र सुरू कर, कारण सुरू होताना काडी जिथे असेल तीच जागा मध्य धरली जाते. एल, आर आणि स्टार्ट एकत्र दाबून ती पुन्हा ठरवता येते. रंगाचे, चकाकीचे आणि खोक्याचे फोटो पाठवणाऱ्या विक्रेत्याकडे या काडीचा जवळून काढलेला एक फोटो माग. तो टाळाटाळ करू लागला, तर उत्तर मिळाले असे समज.

कंट्रोलरबद्दल मी हट्टी आहे, हे मान्य. खेळणाऱ्याचा हात यंत्राला कधीच लागत नाही, तो कंट्रोलरला लागतो. नकली कंट्रोलरवर खेळून ‘मला हे यंत्र आवडले नाही’ म्हणणाऱ्याचे मत मी मोजत नाही. अटारी २६०० ची काठी जितकी ताठ आणि अवघड आहे, तितक्याच ताठपणाला धरून १९७७ नंतरचे ते खेळ रचलेले आहेत. तिच्या जागी मेगा ड्राइव्हचा कंट्रोलर लावला तरी चालतो, हातही दुखत नाही. तरीही मी लावत नाही.

सीलबंद खोक्यांबद्दल तू विचारले आहेस. सील न फोडलेले यंत्र म्हातारे न होता आत झोपलेले असते, ही कल्पना सोडून दे. २००१ च्या मूळ एक्सबॉक्सच्या बहुतेक आवृत्त्यांत घड्याळासाठी बसवलेला कपॅसिटर वीज नसतानाही गळतो आणि मुख्य बोर्डावरच्या रेषा खात बसतो. सेगाच्या हातात धरून खेळायच्या गेम गिअरचे कपॅसिटर गळून आवाज मंदावतो आणि पडदा फिका पडतो. फॅमिकॉमला जोडायच्या डिस्क सिस्टिममधला, डिस्क फिरवणारा रबरी पट्टा चिकट लगदा होऊन जातो. कार्ट्रिजमध्ये खेळाची नोंद जपणारी बॅटरी कोणी हात न लावताही उतरत राहते. खोका बंद ठेवणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही, म्हणून तो सुखी असतो. म्हणून सांगतो, घे ते उघडून बघण्यासाठी घे. निन्टेन्डोच्या बहुतेक कार्ट्रिजसाठी ३.८ मिलिमीटरचा आणि निन्टेन्डो ६४ सारख्या यंत्रांसाठी ४.५ मिलिमीटरचा खास स्क्रू ड्रायव्हर लागतो. चौथ्या कन्सोलआधी ते दोन घे. नकली कार्ट्रिज ओळखायचा खात्रीचा मार्गही आतला बोर्ड पाहणे हाच आहे. मात्र ज्यांच्या पोटात घरगुती विजेचा पुरवठा थेट शिरतो, ती यंत्रे वायर काढल्यावर लगेच उघडू नकोस, आणि जुना काचेच्या नळीचा टीव्ही तर कधीच उघडू नकोस. तो टीव्ही मात्र जपून ठेव. एनईएसची खेळण्यातली बंदूक नव्या पडद्यावर नेम ओळखत नाही.

पिवळ्या पडलेल्या प्लास्टिकचे दुःख करू नकोस. बहुधा त्यात आग रोखण्यासाठी घातलेल्या ब्रोमिनयुक्त द्रव्यांवर उष्णतेचा आणि अतिनील किरणांचा परिणाम होऊन तो रंग येतो. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून पांढरे करता येते, कधी पट्टे उठतात, आणि पुष्कळदा पिवळेपणा परत येतो. मी करत नाही.

माझ्या कपाटात थोडी यंत्रे आहेत आणि माझ्यानंतर सुरुवात केलेल्यांकडे खोल्या भरल्या आहेत, हे तुझ्या कानावर आले असेलच. हातातले यंत्र पूर्ण नव्हते म्हणून मी अनेक चांगले सौदे सोडले. त्यांतला एक पांढरा जपानी सॅटर्न, दोन मूळ कंट्रोलरसकट, मला अजून आठवतो आणि त्याची हळहळ वाटत नाही असे म्हणणे खोटे ठरेल. पण माझ्याकडचे कोणतेही यंत्र आज संध्याकाळी टीव्हीला जोडले, तर ते सुरू होईल, आणि कोणत्या यंत्राचे कोणते बटण किती दाबावे लागते हे मला ठाऊक आहे. तुमचे कोणतेही यंत्र आज सुरू होईल का, असे खोल्या भरलेल्यांना मी विचारतो तेव्हा ते विषय बदलतात. कदाचित मला सौदा सोडल्याचे समर्थन हवे असते म्हणून मी विचारत असेन. तरीही ते विषय बदलतात हे खरेच.

सॅटर्न की ड्रीमकास्ट, याचे उत्तर आत्ता देत नाही. एवढे सांगून ठेवतो की जपानी सॅटर्न १०० व्होल्टवर चालतो आणि २३० व्होल्टच्या घरात तो सरळ लावला तर एकदाच लागतो; त्याला व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर हवा. त्याची बॅटरी मागच्या झाकणाखाली सहज बदलता येते, ड्रीमकास्टची मात्र बोर्डाला डाग देऊन बसवलेली असते. झाळकाम शिकल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नकोस.

आधी एनईएस साफ कर आणि काय झाले ते कळव. फॅमिकॉमसाठी अडॅप्टर मिळाला की तो जोडण्याआधी त्याच्या लेबलाचा स्पष्ट फोटो मला पाठव, मध्यबिंदूची ती आकृती वाचता येईल असा. माझे उत्तर येईपर्यंत प्लग हातात घेऊ नकोस.

तुझा,
एक हट्टी संग्राहक